अनोळखी माणसांचे फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी आषाढीच्या वारीत मी तीन-चार मुक्काम चालते आणि एरवी सुट्टी मिळेल तशी एसटीने, रेल्वेने भटकते. दोन्हीकडे गळ्यात कॅमेरा असतो आणि पिशवीत दोनशे पानी वही. फोटो बहुतेक माणसांचे, आणि माणसं बहुतेक अनोळखी. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे, त्यामुळे इथलं सगळं हौशी बाईच्या अनुभवातून आलेलं समजा. तरीही नव्याने कॅमेरा घेतलेली पोरंपोरी, वारीत भेटणारे लोक आणि माझी सख्खी मावशी मला तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते.

आधी विचारायचं, की आधी काढून मग सांगायचं?

एकच माणूस आणि त्याचा चेहरा हाच फोटोचा विषय असेल तर आधी विचारायचं. रिंगण, आठवडी बाजार, दिवे घाट चढणारी दिंडी, इथे कोणाकोणाला विचारणार? विचारत बसलं तर पालखी पंढरपूरला पोचेल आणि आपण सासवडलाच.

अडचण मधल्या प्रकाराची. बशीतला चहा फुंकणारे आजोबा दिसतात. विचारलं तर बशी खाली ठेवतात, टोपी सरळ करतात, संपला फोटो. अशा वेळी मी काढते आणि लगेच जवळ जाऊन दाखवते. नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसते, आणि पुसलेला त्यांना दिसेल असा कॅमेरा पुढे धरते. बारा वर्षांत असे पुसलेले फोटो वीसेक असतील. त्यातले दोन अजून डोळ्यांसमोर आहेत. असू देत.

विचारायला फार शब्द लागत नाहीत. वारीत सगळेच एकमेकांना माऊली म्हणतात, तिथे "माऊली, एक फोटो काढू का?" एवढं पुरतं. बाजारात मावशी, मामा, दादा. माझ्या एका मित्राने मंडईत "एक्स्क्यूज मी" म्हणून सुरुवात केली, तर भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "ते नाही आज. भेंडी देऊ?"

पण मोठमोठ्या छायाचित्रकारांनी लपूनच काढलेत ना?

काढलेत. पॉल स्ट्रँडने १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर माणसांचे फोटो काढताना कॅमेऱ्याला खोटी लेन्स लावली होती. कॅमेरा एकीकडे बघतोय असं वाटावं आणि फोटो दुसरीकडचा यावा. त्या फोटोंमधला सर्वांत गाजलेला फोटो एका अंध बाईचा आहे. तिच्यासाठी खोट्या लेन्सची काय गरज होती, हा प्रश्न मला तो फोटो बघताना दर वेळी पडतो. आजूबाजूच्यांना कळू नये म्हणूनच ना? वॉकर एव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाच्या आत कॅमेरा दडवून समोरच्या बाकावरचे प्रवासी टिपले, पण त्यांचं पुस्तक आलं ते १९६६ मध्ये. मधली पंचवीस वर्षं त्याला काहीतरी टोचत असणार असं आपलं मला वाटतं. दोघांचेही फोटो मी पुन्हा पुन्हा बघते. त्यांची पद्धत मात्र घेतलेली नाही.

विचारलं की माणसं शाळेतल्या प्रार्थनेसारखी ताठ उभी राहतात. मग?

मग तो ताठ फोटो काढायचा. मनापासून, नीट फोकस करून, पायापासून डोक्यापर्यंत. हात बाजूला, नजर समोर, चेहऱ्यावर हसू नाही. आपल्याला तो कंटाळवाणा वाटतो, पण त्यांना हवा असतो तो हाच. गावाकडे फोटो म्हणजे स्टुडिओत जाऊन, नाहीतर लग्नाच्या मांडवात पाहुण्यांच्या रांगेत उभं राहून काढायची गोष्ट होती. बाई असेल तर "थांब, पदर घेते" म्हणणार. थांबायचं. पदर घेऊ द्यायचा.

हा त्यांचा फोटो झाला की कॅमेरा खाली घ्यायचा आणि गप्पा मारायच्या. पाच-दहा मिनिटांत ती माणसं आपल्या कामाला लागतात, कोणी विडी पेटवतं, कोणी पायाला तेल चोळतं. परवानगी आधीच मिळालेली असते. तेव्हा तुमचा फोटो काढा. माझे बरे म्हणावेत असे बहुतेक फोटो या दुसऱ्या खेपेचे आहेत.

कोणी नाही म्हणालं तर?

नमस्कार करायचा आणि पुढे जायचं. कारण विचारायचं नाही.

कधी कधी कारण आपणहून मिळतं. लोणंदच्या बाजारात कांद्याच्या ढिगावर बसलेल्या एका मामांनी मला हात केला आणि म्हणाले, "तुम्ही फोटो काढून जाता. मग पेपरात खाली छापून येतं, शेतकरी हवालदिल. मी हवालदिल नाही. मी जेवायला बसलोय." खरंच त्यांच्या मांडीवर भाकरी होती. मी फोटो काढला नाही, पण ते वाक्य वहीत त्यांच्यासमोरच लिहून घेतलं. त्याला त्यांची हरकत नव्हती.

कायदा काय म्हणतो?

मी वकील नाही. मला माहीत आहे तेवढं सांगते. सार्वजनिक जागी माणसाचा फोटो काढायला सरसकट मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. म्हणून काहीही चालतं असंही नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. बाईच्या खासगी क्षणाचं चोरून चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद. शरीराच्या खासगी भागांचं चित्र संमतीशिवाय काढणं किंवा पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई मध्ये येतं, आणि ते बाई-पुरुष दोघांनाही लागू आहे. संरक्षण खात्याच्या जागा, बंदरं, असल्या ठिकाणी फलक वाचायचा आणि पहारेकऱ्याशी वाद घालायचा नाही. अंदमानात ट्रंक रोडवरून जाताना जारवा आदिवासींचे फोटो काढणं गुन्हा आहे. तिथल्या जमातींच्या रक्षणाचा नियम १९५६ पासूनचा आहे.

फोटोचा मालक कोण, हेही लोक विचारतात. आपण हौसेने काढलेल्या फोटोचा कॉपीराइट आपला, आपण हयात असेपर्यंत आणि त्यानंतर साठ वर्षं. फोटोतल्या माणसाला कायद्याने त्यातलं काही मिळत नाही. ही गोष्ट मला कधीच पूर्ण पटलेली नाही. खाली निपोमोच्या छावणीतल्या बाईची हकीकत आहे, ती वाचा.

परदेशात?

देशागणिक वेगळं. जायच्या आधी वाचून जा. फ्रान्समध्ये माणसाचा स्वतःच्या प्रतिमेवर हक्क मानतात. जर्मनीतला नियम तर एका घटनेतून जन्मला. १८९८ मध्ये बिस्मार्क वारला, तेव्हा दोन छायाचित्रकार रात्री घरात घुसले आणि त्यांनी मृतदेहाचा फोटो काढला. त्यावरून गदारोळ झाला आणि १९०७ च्या कायद्यात माणसाची प्रतिमा प्रसिद्ध करायला त्याची संमती लागेल असं आलं. त्याला अपवाद आहेत, पण मूळ हे. अमेरिकेत उलटं. फिलिप-लॉर्का डिकॉर्सियाने टाइम्स स्क्वेअरमध्ये नकळत टिपलेल्या एका सनातनी ज्यू गृहस्थांनी त्याच्यावर दावा लावला, आणि २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने फोटो ही कला आहे म्हणत छायाचित्रकाराच्या बाजूने निकाल दिला. जपानमध्ये क्योटोच्या गिऑन भागात गेइशांच्या मागे धावणाऱ्या पर्यटकांना कंटाळून रहिवाशांनी २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत फोटोबंदीचे फलक लावले, दंड दहा हजार येन. तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोबाइलचा फोटो काढतानाचा 'खचाक' आवाज बंदच करता येत नाही. ही सोय आपल्याकडेही यावी असं मला लोकलच्या डब्यात अनेकदा वाटलं आहे.

वारीत काय काढायचं नाही?

पहाटे टँकरपाशी, विहिरीवर, नदीकाठी अंघोळी करणाऱ्या बायका. बस. हा एक नियम पाळलात तरी निम्मं पुण्य पदरात. लाखो माणसं उघड्यावर मुक्काम करतात, आडोसा म्हणजे दोघींनी धरलेलं एक लुगडं. ती सार्वजनिक जागा आहे म्हणून तो क्षण सार्वजनिक होत नाही. लांब लेन्स घेऊन कठड्यावर बसलेले लोक मी पाहिलेत. "धुक्यातली पहाट काढतोय," म्हणतात. मी बाई असल्यामुळे मला राहुट्यांच्या आत बोलावतात, चहा देतात, शेजारी झोपायला जागा देतात. तिथेही कॅमेरा पिशवीतच असतो.

झोपलेली माणसं, उघडे पडलेले फोड आलेले पाय, जेवणाच्या पंगती यांबद्दल मतभेद आहेत. पायांचे फोटो मी विचारून काढते. झोपलेल्यांना विचारता येत नाही, म्हणून काढत नाही.

लहान मुलं?

आईबाप किंवा आजीआजोबा समोर असतील तर त्यांना विचारून. नसतील तर नाही. मुलं स्वतःच "काकू, माझा काढा, माझा काढा" म्हणून अंगावर येतात. काढावा, दाखवावा, खिदळावं, पण गावाच्या आणि शाळेच्या नावासकट इंटरनेटवर टाकू नये. बालगृहातली मुलं, गुन्ह्यात अडकलेली किंवा अत्याचाराला बळी पडलेली मुलं यांची ओळख उघड करायला तर २०१५ च्या बालन्याय कायद्याने बंदीच आहे. अनाथाश्रमात खाऊ वाटतानाचे फोटो टाकणाऱ्यांनी ते कलम ७४ एकदा वाचावं.

पैसे मागितले तर द्यायचे का?

वासुदेव, पोतराज, नंदीबैलवाला, बहुरूपी यांना द्यायचेच. त्यांचा वेश आणि गाणं हा त्यांचा धंदा आहे. आपण उभं राहून ऐकलं, फोटो काढला आणि निघून गेलो तर ती फुकटेगिरी झाली. बाकीच्यांना मी पैसे देत नाही, वस्तू विकत घेते. ज्या मावशीचा फोटो काढला तिच्याकडूनच लिंबं. माझ्या घरी कित्येकदा नको इतकी लिंबं असतात.

२०२७ च्या नाशिकच्या सिंहस्थाला कॅमेरे घेऊन जाणारे बरेच जण आत्तापासून हाच प्रश्न विचारतात. साधूंचं आधी ठरवून घ्या, नंतर घासाघीस करू नका. एवढंच.

पारंपरिक वेशातल्या लोकांचे फोटो काढण्यात काय चुकीचं आहे?

वेशात काहीच चूक नाही. गडबड होते ती खाली काय लिहितो त्यात. मुंबईत राहणाऱ्या विल्यम जॉन्सन नावाच्या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. माणसं एकीकडे उभी करून टिपलेली, मागचं दृश्य दुसऱ्याच छायाचित्रातून आणून जोडलेलं. फोटोखाली माणसाचं नाव नाही, जमातीचं. ज्यांना उभं केलं त्यांना नावं नक्की होती, घरी गेल्यावर कोणीतरी हाकही मारली असेल.

आता माझा मोबाइल उघडला की तेच दिसतं. 'कोळीण', 'धनगर', 'वारकरी आजी'. दीडशे वर्षांत कॅमेरा खिशात मावायला लागला, फोटोखालची ओळ होती तिथेच आहे. ससून डॉकला पहाटे पाटी घेऊन पळणाऱ्या बाईला तुम्ही नाव विचाराल तर ती आधी हसेल, मग "का, रेशनकार्ड देणारेस का?" म्हणेल, आणि मग सांगेल. नाव छापायचं की नाही हेही तिलाच विचारायचं. कित्येकजणी नको म्हणतात. मग छापायचं नाही. पण आपल्याला ते माहीत असलं पाहिजे.

फोटोमागची गोष्ट कशी मिळवायची?

कॅमेरा खाली ठेवून. वारीत माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कितवी वारी?" यावर कोणी एका आकड्यावर थांबत नाही. "एकविसावी. म्हणजे माझी तेरावी, सासूच्या आठ." अशी उत्तरं येतात, आणि त्यात अख्खं घर येतं.

माझा एक फोटो ओळखीच्यांत बऱ्यापैकी फिरला आहे. दिवे घाट, धो धो पाऊस, डोक्यावर तुळस घेतलेल्या एक आजी, पूर्ण भिजलेल्या, तोंड भरून हसताहेत. बघणारे म्हणतात, भक्तीचा आनंद बघा. एकाने तर 'भक्तिरसात चिंब' असं लिहून तो पुढे पाठवला, आणि फिरत फिरत तो मलाच परत आला. मी आजींना तेव्हाच विचारलं होतं, काय झालं एवढं हसायला? झालं असं होतं की निघताना घरच्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेलाच राहिली. सुनेचा फोन आला होता. कपाटात सगळ्यांचे चांगले कपडे, आणि त्याच आठवड्यात माहेरचं लग्न. आजी म्हणाल्या, "आता आषाढी झाल्याशिवाय काय उघडत न्हाई ते." आणि पुन्हा हसल्या. फोटो नीट बघा, कमरेला किल्ली दिसते. भक्ती तर आहेच, बाई आळंदीहून चालत आली आहे. पण त्या क्षणी ती सुनेची जिरल्यामुळे हसत होती.

विचारलं नसतं तर मीही 'भक्तिरसात चिंब'च लिहिलं असतं.

वहीत त्याच दिवशी लिहायचं. रात्री मुक्कामावर पाय ओढत पोचल्यावर कंटाळा येतो, तरी लिहायचं. फोटोचा नंबर, गाव, दिंडी, त्यांचं एक वाक्य त्यांच्याच शब्दांत. आपण सुधारून लिहिलेलं वाक्य महिन्याभराने ओळखू येतं, ते सगळ्यांचं सारखंच असतं.

जगप्रसिद्ध फोटोंमधल्या अनोळखी माणसांचं पुढे काय झालं?

दोघींचं सांगते.

मार्च १९३६. कॅलिफोर्नियातल्या निपोमोला वाटाणा तोडायला आलेल्या मजुरांची छावणी, आणि पीक गारठून गेलेलं. सरकारी कामावर असलेली डोरोथिया लँग तिथे एका फाटक्या तंबूपाशी थांबली आणि दहाएक मिनिटांत एका आईचे आणि तिच्या मुलांचे मोजके फोटो काढून निघाली. त्यातला एक फोटो अमेरिकेतल्या मंदीचा चेहरा झाला. लँगने पुढे स्वतःच लिहिलं की तिने बाईचं नाव विचारलं नव्हतं आणि तिची हकीकतही विचारली नव्हती. वय तेवढं कळलं, बत्तीस. फोटो पेपरात आले, सरकारने छावणीला नऊ हजार किलोंच्या आसपास अन्न पाठवलं. तोवर ते कुटुंब कामाच्या शोधात पुढे निघून गेलं होतं. लँगने लिहिलं की त्यांनी गाडीचे टायर विकून पोट भरलं. घरच्यांनी नंतर सांगितलं, विकायला टायर होतेच कुठे, होते ते गाडीला होते आणि त्याच गाडीने आम्ही निघालो.

बाईचं नाव जगाला कळलं १९७८ मध्ये, फोटोनंतर बेचाळीस वर्षांनी. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, चेरोकी वंशाच्या. त्या रागावलेल्या होत्या. फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, त्यातून मला एक पैसाही मिळाला नाही, असं त्या म्हणाल्या. आणि त्यांच्या तक्रारीत एक साधीशी गोष्ट होती: फोटोची प्रत पाठवते म्हणाली होती, कधी पाठवली नाही. न्यायाने हेही सांगायला हवं की फोटो सरकारचा होता, लँगलाही त्याचे हक्काचे पैसे मिळाले नाहीत. १९८३ मध्ये फ्लॉरेन्सबाई आजारी पडल्या तेव्हा उपचारांसाठी घरच्यांनी केलेल्या आवाहनाला अमेरिकेतल्या अनोळखी लोकांनी पैसे आणि पत्रं पाठवली. ती पत्रं वाचून त्यांच्या मुलांचं त्या फोटोबद्दलचं मत बरंच निवळलं. त्याच वर्षी त्या गेल्या.

दुसरी शरबत गुला. १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीतल्या शाळेच्या तंबूत स्टीव्ह मॅकरीने तिचा फोटो काढला. बारा-एक वर्षांची अफगाण मुलगी, हिरवे डोळे. जून १९८५ च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर ती आली आणि घरोघरी पोचली, नाव कोणालाच माहीत नव्हतं. २००२ मध्ये तिचा शोध लागला, डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवली. तोवर तिने तो फोटो पाहिलाच नव्हता. आठवत होता तो राग, कारण परका पुरुष समोर आला होता आणि आयुष्यात तिचा कोणी फोटो काढलेला नव्हता. २०१६ मध्ये खोट्या ओळखपत्राच्या आरोपावरून पाकिस्तानात तिला अटक झाली आणि मग अफगाणिस्तानात परत पाठवलं. २०२१ मध्ये तालिबान आल्यावर इटलीने तिला आसरा दिला.

त्या डोळ्यांबद्दल 'भेदरलेले' असं मी शाळेत असताना निबंधात लिहिलं होतं. ते रागावलेले होते.

फोटो परत पाठवायचा कसा? लोकांकडे व्हॉट्सॲप तर असतंच.

त्यांच्या नातवाकडे असतं. नातू फोटो बघतो, 'भारी' म्हणतो आणि तो फोटो लग्नाचे व्हिडिओ आणि शुभ सकाळीच्या फुलांखाली गाडला जातो. मी कागदावर छापून पाठवते. चार बाय सहा इंच, ग्लॉसी नको, मॅट. गावात फोटो हातोहात फिरतो आणि ग्लॉसीवर बोटं उमटतात.

पत्ता लिहून घेताना त्यांनाच वहीत लिहायला सांगायचं, लिहिता येत नसेल तर शेजारच्या पोराला. मु. पो., तालुका, जिल्हा, आणि पिन कोड. हा पिन कोड आपल्याच एका माणसाने दिला आहे. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ही कल्पना, १५ ऑगस्ट १९७२ ला अमलात आली. एकाच नावाची शेकडो गावं असलेल्या देशात त्या सहा आकड्यांनी माझी किती पाकिटं वाचवली असतील! पिन माहीत नसेल तर पोस्टाच्या संकेतस्थळावर गाव शोधता येतं, पण तालुका बरोबर हवा.

वारीत आणखी एक सोय आहे. माऊलींच्या पालखीसोबतच्या दिंड्या रथापुढे आणि रथामागे अशा क्रमांकाने चालतात, आणि प्रत्येक दिंडीच्या सामानाच्या ट्रकवर क्रमांकाबरोबर बहुधा गावाचं नावही असतं. घाईत पत्ता राहिला तर 'रथामागे, दिंडी क्रमांक अमुक' एवढं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागी तीच दिंडी भेटते. विणेकऱ्यांना किंवा दिंडीप्रमुखांना फोटो दाखवला की "ही तर आमच्या खालच्या आळीची" म्हणून पाच मिनिटांत शोध लागतो. सरकारी खात्यांना जमत नाही असली नोंद त्यांच्या डोक्यात असते.

सगळेच फोटो पोचत नाहीत. 'पत्ता अपुरा' असा शेरा घेऊन परत आलेली सात पाकिटं माझ्या खणात आहेत. उघडलेली नाहीत.

पाठवलेल्या फोटोंचं लोक काय करतात?

देवघराशेजारी लावतात, आरशाच्या चौकटीत खोचतात, आधार कार्डाच्या पाकिटात ठेवतात. एका घरी माझा फोटो दाणे झाकायला ठेवलेला पाहिला. आनंदच झाला, वापरात तर आहे.

एक वेगळा किस्सा सांगते. वाखरीच्या मुक्कामी मी एका आजोबांचा फोटो काढला होता. पाऊस नुकताच थांबलेला, ढगांतून पिवळट उजेड, आजोबांच्या दाढीवर पाण्याचे थेंब. त्या वर्षीचा माझा सर्वांत लाडका फोटो. परभणी जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी पाठवला. दीड वर्षाने मुलाचा फोन आला. वडील गेले, घरात तेवढा एकच नीट फोटो होता, वर्षश्राद्धाला या. मी गेले. भिंतीवर मोठ्ठी चौकट, चंदनाचा हार, आणि आतला चेहरा माझ्याच फोटोतला. पण तालुक्याच्या स्टुडिओवाल्याने आजोबांना कोट चढवला होता, डोक्यावर गुलाबी फेटा बांधला होता, दाढीवरचे थेंब पुसले होते आणि ढगांच्या जागी निळा पडदा आणला होता. माझा सगळा उजेड गेला होता.

जेवताना मी गप्प होते. मुलाला वाटलं मला वाईट वाटतंय, आणि वाटत होतंच, फक्त कारण वेगळं होतं. मग तो म्हणाला, "तात्यांनी जन्मात कोट घातला नाही. लग्नातसुद्धा उसना सदरा होता." परतीच्या एसटीत मला जॉन्सनचे ते खंड आठवले. त्यानेही पाठीमागचं दृश्य बदललं होतं, पण उभ्या असलेल्या माणसाला न विचारता. इथे निदान त्याच्या मुलाने बदललं. तरी ते थेंब मला अजून आठवतात, खोटं कशाला बोलू.

कॅमेरा कोणता घेऊ?

असेल तो. मोबाइल असेल तर माणसाच्या फार जवळ जाऊन रुंद लेन्सने काढू नका, नाक फुगतं. दोन पावलं मागे या आणि दुप्पट झूम करा. पावसात प्लास्टिकची पिशवी आणि रबर बँड पुरतात.

पांढरी टोपी, पांढरा सदरा, सावळा चेहरा. चेहरा काळाच येतो. का?

एवढा पांढरा रंग बघून कॅमेरा फसतो. त्याला सगळंच फार उजळ वाटतं, तो उजेड कमी करतो आणि चेहऱ्याचा कोळसा होतो. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह वर सरकवा. कॅमेऱ्यात एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा. टोपीचा थोडा पांढरा फटक आला तरी चालेल, आपण टोपीचा फोटो काढत नाही. त्याहून सोपं म्हणजे माणसाला वडाखाली किंवा ट्रकच्या सावलीत बोलवा. उन्हातून आलेला माणूस आनंदाने येतो.

रिंगणातला अश्व काढायचा असेल तर शटर एक हजारांश सेकंद ठेवा आणि दोरीच्या आत जाऊ नका. अश्व गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावायला लोक धावतात. खरे चेहरे तिथे मिळतात, आणि बहुतेक कॅमेरेवाले तोवर घोड्याच्या मागे पळालेले असतात.

हे फोटो स्पर्धेला पाठवू का? विकू का?

स्पर्धेला पाठवायचा असेल तर निदान त्या माणसाला कळवा. जाहिरातीसाठी विकायचा असेल तर लेखी संमती घ्याच, आणि ती मराठीत, त्यांना वाचून दाखवून. माझा एक फोटो एका कंपनीने विचारला होता, छत्रीच्या जाहिरातीसाठी. किल्लीवाल्या आजींचा. मी त्यांच्या मुलाला फोन केला, त्याने आजींना दिला. आजी म्हणाल्या, "पण मी तर भिजलेय की त्यात. छत्री कशी खपंल?" व्यवहार तिथेच संपला.

तुमचा फोटो कधी कोणी काढला का?

काढला ना. दोन वर्षांपूर्वी सासवडच्या अलीकडे, रस्त्याकडेला बसून मी पायाला तेल लावत होते. केस पिंजारलेले, तोंडात शेंगदाण्याची चिक्की. समोरून एक काका आले आणि मोबाइल काढून त्यांनी माझा फोटो घेतला. विचारलं नाही. मी बघितलं तेव्हा हसले आणि म्हणाले, "बाई, दर वर्षी तुम्ही आमचे काढता." दाखवा म्हटलं तर उन्हात पडदा दिसेना. मग त्यांनी माझा नंबर लिहून घेतला, रात्री मुक्कामावर गेलो की पाठवतो म्हणाले.

त्यांची दिंडी कितवी ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. फोटो अजून आलेला नाही.